जिल्हा निवडला तरी तालुके येत नाहीत: पीएचपी स्क्रिप्ट आणि वेबपान यांच्यातला बिघाड कसा शोधायचा

फॉर्ममध्ये जिल्हा निवडला की खालच्या यादीत त्या जिल्ह्याचे तालुके आपोआप यावेत, पान पुन्हा लोड होऊ नये, एवढीच अपेक्षा असते. कॉलेजचा प्रवेश अर्ज असो, पतसंस्थेचा सभासद अर्ज असो की ट्रस्टचा देणगी फॉर्म, जिल्हा-तालुका-गाव ही साखळी त्यात असतेच. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या साइटमध्ये सर्वांत जास्त वेळा तुटलेली सापडते तीही हीच, म्हणून इथे तेच उदाहरण घेतले आहे. मागे सर्व्हरवर पीएचपी आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, पुढे साधी जावास्क्रिप्ट आणि ‘फेच’ (पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवण्याची ब्राउझरची सोय), आणि साइट शेअर्ड होस्टिंगवर, असे गृहीत धरले आहे. तुमच्याकडे जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी असली तरी तपासणीचा क्रम हाच राहतो.

आधी लक्षण ओळखा

तक्रार बहुतेक वेळा “काहीच होत नाही” अशी येते. तेवढ्यावरून दोष सापडत नाही. नेमके काय दिसते ते विचारा:

- जिल्हा निवडला तरी तालुक्यांची यादी रिकामीच राहते, पानावर कसलाही संदेश नाही.
- बटण दाबल्यावर संपूर्ण पान पुन्हा लोड होते आणि भरलेली माहिती उडते.
- फिरणारे चक्र फिरतच राहते.
- कॉन्सोलमध्ये (एफ १२ दाबल्यावर दिसणाऱ्या, चुका नोंदवणाऱ्या टॅबमध्ये) ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ आणि त्यापुढे < हे चिन्ह दिसते. किंवा ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ जेसन इनपुट’ असे येते.
- काही जिल्ह्यांचे तालुके येतात, काहींचे येत नाहीत.
- आपल्या संगणकावर चालते, होस्टिंगवर चालत नाही.
- यादी येते, पण आधी निवडलेल्या जिल्ह्याची.
- तालुक्यांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

या सगळ्यांत पहिला प्रश्न एकच: चूक पानात आहे की स्क्रिप्टमध्ये? याचा निकाल पानाने पाठवलेली विनंती आणि स्क्रिप्टने दिलेले उत्तर पाहिल्यावरच लागतो. ते दोन्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोडमधली एक ओळही बदलू नका. अंदाजाने केलेल्या बदलांखाली मूळ दोष दबलेली कितीतरी कामे माझ्याकडे आली आहेत, आणि त्यात दोष काढण्यापेक्षा ते बदल उपसण्यातच जास्त वेळ जातो.

पहिली तपासणी: विनंती गेली का?

ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, ‘प्रिझर्व्ह लॉग’ आणि ‘डिसेबल कॅशे’ या दोन्हींवर टिक करा. मग जिल्हा निवडा. पैसे लागत नाहीत, दोन मिनिटांचे काम आहे, आणि निम्मा शोध इथेच संपतो.

‘डिसेबल कॅशे’ला महत्त्व आहे, कारण तुम्ही जावास्क्रिप्टची फाइल दुरुस्त करून चढवलेली असते आणि ब्राउझर मात्र जुनीच वापरत असतो. ही टिक केल्यावर सगळे सुरळीत चालू लागले, तर दोष कॅशेचा. स्क्रिप्टच्या फाइलच्या पत्त्यापुढे आवृत्तीचा क्रमांक जोडा आणि दर बदलाला तो वाढवा. तालुक्यांचे उत्तरच जुने येत असेल, तर पीएचपीतून कॅशे-कंट्रोलच्या हेडरमध्ये ‘नो-स्टोअर’ पाठवा.

नेटवर्क टॅबमध्ये नवी ओळच आली नाही, तर विनंती गेलेलीच नाही. म्हणजे पीएचपीला दोष देण्याचे कारण नाही, सर्व्हरकडे पाहूही नका. कॉन्सोल पाहा. तिथे लाल ओळ असेल तर वरून पहिली वाचा. खालच्या बऱ्याचदा तिच्याचमुळे आलेल्या असतात. नेहमीची कारणे तीन: घटकाच्या आयडीत अक्षराचा फरक, स्क्रिप्ट पानाच्या वरच्या भागात असल्यामुळे ती चालली तेव्हा जिल्ह्याची यादी अजून पानावर आलेलीच नव्हती, किंवा स्लायडर, काउंटर अशी भलतीच स्क्रिप्ट आधी कोसळली आणि त्याच फाइलमधले पुढचे सगळे थांबले. दुसऱ्या कारणावर उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या टॅगला ‘डिफर’ लावणे.

संपूर्ण पान पुन्हा लोड होते, तेव्हा फॉर्म नेहमीच्या पद्धतीने सबमिट झालेला असतो. फॉर्ममधल्या बटणाला प्रकार दिला नसेल तर ब्राउझर त्याला सबमिटचेच बटण समजतो. बटणाचा प्रकार ‘बटण’ असा स्पष्ट लिहा, किंवा सबमिटच्या हँडलरमध्ये पहिल्याच ओळीत ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ बोलवा. पहिल्याच ओळीत अशासाठी, की ती ओळ खाली असेल आणि मध्ये एखादी चूक झाली तर तिथपर्यंत काम पोहोचतच नाही, आणि पान लोड होऊन ती चूकही कॉन्सोलमधून पुसली जाते. प्रिझर्व्ह लॉगची टिक याच्यासाठीच.

दुसरी तपासणी: स्टेटसचा आकडा

ओळ आली असेल तर तिचा स्टेटस पाहा.

४०४ म्हणजे त्या पत्त्यावर फाइल नाही. विंडोजवर फाइलच्या नावातली मोठी-लहान अक्षरे एकच धरली जातात, लिनक्सवर नाहीत. घरी चालणारी फाइल होस्टिंगवर ‘सापडत नाही’ याचे हे नेहमीचे कारण. दुसरे कारण सापेक्ष पत्त्याचे: पान एका उपफोल्डरमध्ये हलवले की तिथून ‘शेजारची’ फाइल शेजारी राहत नाही.

४०३ किंवा ४१९ दिसले तर स्क्रिप्ट आहे, पण दारावरच अडवले गेले आहे. लाराव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये ४१९ हा सीएसआरएफ टोकनचा (फॉर्म आपल्याच साइटवरून आला हे पटवणाऱ्या गुप्त खुणेचा) आकडा. टोकन पाठवलेच नाही किंवा त्याची मुदत संपली. नुसते ४०३ येत असेल आणि तुमच्या कोडमध्ये तसे कुठेच नसेल, तर होस्टिंगच्या फायरवॉलवर संशय घ्या. मजकुरात ‘सिलेक्ट’ किंवा ‘युनियन’सारखा शब्द आला की काही फायरवॉल त्याला हल्ला समजतात. फायरवॉल तुम्ही बंद करू नका. होस्टिंगवाल्यांना वेळ आणि पत्ता कळवा, कोणता नियम लागला ते त्यांना दिसते.

५०० म्हणजे स्क्रिप्ट मध्येच कोसळली. कारण ब्राउझरमध्ये मिळणार नाही, सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये मिळेल. सी-पॅनेल असेल तर तिथे ‘एरर्स’ आहे, आणि बऱ्याचदा स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये एरर लॉगची फाइल तयार झालेली असते.

आकडाच नाही, ‘ब्लॉक्ड’ किंवा ‘कॉर्स एरर’ (दुसऱ्या साइटकडून माहिती मागण्यावर ब्राउझरने घातलेली अडवणूक) असे आहे? मग पत्ता नीट वाचा. पान ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावून उघडले आहे आणि विनंती त्याशिवायच्या पत्त्यावर जाते, तर ब्राउझरच्या लेखी त्या दोन वेगळ्या साइट. पान एचटीटीपीएसवर आणि विनंती एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर ती जाऊच देत नाही. दोन्हींचा साधा उपाय म्हणजे कोडमध्ये पूर्ण पत्ता न लिहिता डोमेनशिवायचा पत्ता लिहिणे. ‘सगळ्यांना परवानगी’ देणारा तारांकित हेडर टाकून हा प्रश्न मिटवण्याचा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. सभासदांची माहिती देणाऱ्या स्क्रिप्टवर तो कधीही टाकू नका.

इथे ‘फेच’ची एक सवय माहीत हवी. ४०४ किंवा ५०० आले तरी ‘फेच’ त्याला अपयश मानत नाही. उत्तर मिळाले ना, मग काम झाले, असा त्याचा हिशेब. ‘कॅच’मध्ये लिहिलेला, चूक झाल्याचे सांगणारा तुमचा संदेश म्हणूनच कधी दिसत नाही. उत्तराचा ‘ओके’ हा गुणधर्म आधी तपासा, खोटा असेल तर स्वतः एरर फेका.

तिसरी तपासणी: आलेले उत्तर कच्चे वाचा

स्टेटस २०० आहे आणि तरीही यादी रिकामी, अशा वेळी त्या ओळीवर क्लिक करून ‘रिस्पॉन्स’ टॅब उघडा. ‘प्रिव्ह्यू’ नको, तो उत्तर सजवून दाखवतो. आपल्याला हवे आहे ते बाइटागणिक जसे आले तसे.

उत्तराची सुरुवात < ने होत असेल तर पानाला जेसनऐवजी (माहिती पाठवण्याच्या ठरलेल्या मजकुरी साच्याऐवजी) एचटीएमएल मिळाले आहे. ते कुठून आले ते वाचले की कळते. ‘वॉर्निंग’ किंवा ‘डेप्रिकेटेड’ असे ठळक अक्षरांत असेल तर पीएचपीने स्वतःची तक्रार जेसनच्या आधी छापली आहे. हे विशेषतः तेव्हा होते, जेव्हा साइटला कुणी हात लावलेला नसतो पण होस्टिंगने पीएचपीची आवृत्ती बदललेली असते. पीएचपी ७.४ ची मदत नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली, मग एकेका होस्टिंगने साइट ८ वर नेल्या. ॲरेत नसलेली किल्ली वाचली तर पूर्वी फक्त नोटीस मिळायची, ८.० पासून वॉर्निंग मिळते. ८.१ पासून मायएसक्यूएलआयच्या (पीएचपीतून मायएसक्यूएलशी बोलण्याच्या सोयीच्या) क्वेरीतली चूक थेट एक्सेप्शन फेकते. जुन्या कोडमधला ‘निकाल खोटा असेल तर’ हा भाग मग चालतच नाही आणि ५०० येते. ८.२ ला वर्गात जाहीर न केलेले गुणधर्म खटकतात.

अशा वेळी पीएचपीच्या सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले एरर्स’ बंद आणि ‘लॉग एरर्स’ चालू ठेवा. चालू साइटवर हे तसेच असायला हवे, कारण पानावर छापलेल्या चुकीत फाइलचा पूर्ण मार्ग परक्याला दिसतो. पण तेवढ्यावर थांबू नका. लॉगमधली वॉर्निंग वाचा आणि तिचे कारण काढा; ती पानावरून गेली म्हणजे कोड बरोबर झाला असे नाही.

< नंतर तुमच्याच साइटचे लॉगिनचे पान दिसते? सेशन (लॉगिनची सर्व्हरवर ठेवलेली नोंद) संपले आहे. स्क्रिप्टने लॉगिनकडे वळवले, ‘फेच’ निमूटपणे तिकडे गेले, आणि लॉगिनचे पान २०० च्या आकड्यासह परत आले. दुपारी फॉर्म उघडा ठेवून जेवायला गेलेल्या कर्मचाऱ्याची तक्रार हमखास ही असते. पानासाठी लिहिलेली वळवण्याची पद्धत अशा स्क्रिप्टला लावू नका. तिने ४०१ आणि छोटा जेसन संदेश द्यावा, आणि पानाने “पुन्हा लॉगिन करा” असे स्पष्ट सांगावे.

जेसन बरोबर आहे पण त्याच्यापुढे किंवा मागे काहीतरी चिकटले आहे, असेही होते. चाचणीसाठी टाकलेला ‘एको’ राहून गेलेला असतो, किंवा जोडलेल्या फाइलमध्ये पीएचपीचा शेवटचा टॅग आणि त्याखाली रिकाम्या ओळी असतात. केवळ पीएचपी असलेल्या फाइलमध्ये शेवटचा टॅग लिहूच नका. जेसन छापल्यावर लगेच ‘एक्झिट’ लिहा, म्हणजे फूटरची फाइल मागून येऊन चिकटत नाही. फाइल नोटपॅडमधून ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ अशी जतन झाली असेल, तर सुरुवातीला न दिसणारे ३ बाइट जातात आणि ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही तक्रार येऊन सेशनच सुरू होत नाही. आपल्या संगणकावर आउटपुट बफरिंग ४०९६ बाइटचे असेल तर हा दोष झाकला जातो, आणि बफरिंग बंद असलेल्या होस्टिंगवर उघडा पडतो.

चौथी तपासणी: पाठवले काय?

‘पेलोड’ टॅब पाहा. फायरफॉक्समध्ये त्याला ‘रिक्वेस्ट’ म्हणतात. जिल्ह्याचा क्रमांक तिथे आहे का? नसेल तर दोष पानाचा. आहे, पण पीएचपीतला ‘पोस्ट’ ॲरे रिकामा आहे? मग तुम्ही जेसन पाठवत आहात आणि पीएचपी फॉर्मची वाट पाहत आहे. पीएचपी तो ॲरे फॉर्मच्या दोनच प्रकारांसाठी भरते: यूआरएल-एन्कोडेड आणि मल्टिपार्ट. विनंतीच्या अंगात जेसन असेल तर ते ‘पीएचपी इनपुट’ या प्रवाहातून वाचून ‘जेसन डीकोड’ करावे लागते. दोन्ही पद्धती बरोबरच आहेत, फक्त दोन्ही टोकांना एकच हवी. साध्या फॉर्मसाठी मी ‘फॉर्मडेटा’ वापरतो, फोटो जोडायची वेळ आली तरी काही बदलावे लागत नाही.

फोटोवरून आठवले. ‘पोस्ट मॅक्स साइझ’ ही एका विनंतीत पाठवता येणाऱ्या माहितीची मर्यादा मूळची ८ एमबी असते. तिच्यावर गेलात तर पीएचपी पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही ॲरे रिकामे देते, आणि स्क्रिप्टला वाटते की कुणी कोराच फॉर्म पाठवला. “नाव भरा” असा संदेश नाव भरलेले असताना येतो, तो यामुळे.

पाचवी तपासणी: मराठी मजकूर

इथे थोडे थांबायला हवे, कारण ‘काही जिल्हे चालतात, काही नाही’ या लक्षणाचे मूळ बहुतेक इथेच असते, आणि इंग्रजी मजकूर घेऊन चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

उत्तर पूर्ण रिकामे, शून्य बाइट, स्टेटस मात्र २००, आणि कॉन्सोलमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ जेसन इनपुट’. असे असेल तर ‘जेसन एन्कोड’ने हात टेकले आहेत. मजकुरात एक जरी तुटके यूटीएफ-८ अक्षर आढळले तरी ते संपूर्ण ॲरेसाठी ‘खोटे’ परत देते, आणि ‘खोटे’ छापले की काहीच छापले जात नाही. तुटके अक्षर येते कुठून? नाव कापण्यातून. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो की हलन्त, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. ‘महाबळेश्वर’ या नावात अशी १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. यादी आटोपशीर दिसावी म्हणून कुणी ‘सबस्ट्र’ने २५ वर कापले, तर ८ चिन्हांचे २४ बाइट पूर्ण येतात आणि ‘व’चा पहिला बाइट तेवढा लोंबकळत राहतो. त्या एका बाइटपायी साताऱ्याचे सगळे तालुके गायब. मुंबई उपनगरातले अंधेरी, बोरिवली, कुर्ला मात्र व्यवस्थित येतात, कारण त्यांतले सर्वांत लांब नावही २१ बाइटांचे.

‘एमबी सबस्ट्र’ वापरा. तेही अक्षर आणि त्याची मात्रा तोडू शकते, म्हणून ती जोडी अखंड हवी असेल तर ‘ग्राफीम सबस्ट्र’. खरे तर नाव सर्व्हरवर कापूच नये, ते काम सीएसएसचे. आणि एन्कोड करताना ‘थ्रो ऑन एरर’ हा पर्याय लावा. पीएचपी ७.३ पासून तो आहे. मग स्क्रिप्ट गप्प राहत नाही, लॉगमध्ये तक्रार करते.

प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर डेटाबेसशी झालेली जोडणी चुकीच्या वर्णसंचाची आहे. जोडणी होताच ‘सेट चारसेट’ने यूटीएफ-८-एमबी-४ सांगा. मात्र आधी पीएचपी-मायॲडमिनमध्ये टेबल उघडून पाहा. तिथेही प्रश्नचिन्हेच असतील तर ती तशीच साठवली गेली आहेत आणि मूळ अक्षरे त्यात उरलेली नाहीत. कुठलेही रूपांतर ती परत आणणार नाही, बॅकअपच शोधावा लागेल. टेबलवर एकही आज्ञा चालवण्याआधी थांबा.

आता दिसायला अगदी सारखी पण आतून वेगळी असलेली नावे. ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक देतात. पडद्यावर काडीचा फरक नाही. ‘स्ट्रलेन’ने मोजा, एक १८ बाइट भरते आणि दुसरे २१. पीएचपीच्या लेखी हे दोन वेगळे तालुके, त्यामुळे नावावरून गावे शोधणारी स्क्रिप्ट रिकामी यादी देते. कुठेही चूक नोंदली जात नाही, स्टेटस २००, जेसन निर्दोष, फक्त आत काही नाही. ‘ॲ’ या अक्षराचेही असेच. ते एक अखंड चिन्ह म्हणूनही टाइप होते आणि अ वर चंद्र देऊनही.

नावाने जोडलेल्या याद्यांना नामांतराचाही फटका बसला. औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे जिल्हे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. फॉर्मवरचे नाव बदलले, तालुक्यांच्या टेबलात जुनेच राहिले, आणि त्या तीन जिल्ह्यांच्या अर्जदारांना तालुका निवडता येईना.

या दोन्हींवर पक्का उपाय एकच: पडद्यावर नाव दाखवा, पाठवा मात्र क्रमांक. जिल्ह्याला क्रमांक, तालुक्याला क्रमांक, शोध क्रमांकावर. लोकांनी नाव बदलले, स्पेलिंग सुधारले, कीबोर्ड बदलला, तरी जोडणी तुटत नाही. जुन्या साइटवर हे करायला एक दिवस जातो आणि तो दिवस काढण्यासारखाच आहे.

सहावी तपासणी: उत्तर बरोबर, तरी पान चुकते

रिस्पॉन्समध्ये साताऱ्याचे तालुके नीट दिसत आहेत आणि पानावर नाहीत, म्हणजे स्क्रिप्ट निर्दोष.

यादीत ‘ऑब्जेक्ट प्रॉमिस’ असे काहीतरी दिसले तर ‘अवेट’ राहिला आहे. उत्तर यायच्या आधीच ते वापरले गेले. नव्याने आलेल्या ओळींवरची ‘काढा’, ‘बदला’ ही बटणे मेलेली असतील, तर हँडलर जुन्या ओळींना जोडलेला होता आणि त्या ओळी आता पानावर नाहीत. हँडलर बाहेरच्या कायम राहणाऱ्या घटकाला जोडा.

यापेक्षा गंभीर प्रकार क्रमाचा आहे. वापरकर्त्याने आधी पुणे निवडले, लगेच बदलून सातारा केले. दोन विनंत्या गेल्या. साताऱ्याचे उत्तर आधी आले, पुण्याचे रेंगाळत मागून आले आणि त्याने यादी पुन्हा भरली. वर सातारा, खाली जुन्नर, आंबेगाव, मावळ. ऑफिसच्या वेगवान जोडणीवर हे दिसत नाही, गावाकडच्या मोबाइल नेटवर्कवर दिसते. चाचणीसाठी नेटवर्क टॅबमधला वेग मुद्दाम ‘३जी’ करा आणि जिल्हे भराभर बदलून पाहा. उपाय असा की नवी विनंती पाठवताना ‘अबॉर्ट कंट्रोलर’ने आधीची रद्द करायची. त्याच्या जोडीला अर्ज जतन करणाऱ्या स्क्रिप्टने तालुका खरोखर त्याच जिल्ह्याचा आहे का हे तपासलेच पाहिजे. यादी पानावर गाळून दिली म्हणजे आलेली माहिती बरोबरच असेल, यावर सर्व्हरने कधी विसंबू नये.

सातवी तपासणी: चालते, पण फार हळू

‘टायमिंग’ टॅबमध्ये सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्याचा वेळ वेगळा दिसतो. एकच विनंती हळू असेल तर क्वेरी तपासा. गावांच्या टेबलात तालुक्याच्या क्रमांकावर इंडेक्स नसणे हे पहिले कारण.

पान उघडताच चार-पाच विनंत्या जातात आणि त्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकामागून एक संपतात, असे दिसले तर सेशनचे कुलूप आहे. पीएचपी फाइलमध्ये सेशन ठेवते आणि एक स्क्रिप्ट ते वापरत असेपर्यंत त्याच वापरकर्त्याच्या बाकीच्या स्क्रिप्ट दारात थांबतात. डेटाबेसचा यात काही दोष नसतो, क्वेरी कितीही सुधारली तरी वेळ तोच राहतो. सेशनमधून हवे ते वाचून झाले की ‘सेशन राइट क्लोज’ बोलवा, मोठे काम त्याच्यानंतर करा. तालुक्यांच्या यादीला तर सेशन लागतच नाही, तिथे ते सुरूच करू नका.

दर काही सेकंदांनी ताजी माहिती मागणारे पान असेल तर ‘सेट इंटरव्हल’ काढा. आधीचे उत्तर येण्याआधीच पुढची विनंती निघते आणि सर्व्हर हळू झाला की विनंत्यांची रास चढते. उत्तर आल्यावर पुढच्या विनंतीची वेळ लावा.

कुठे थांबायचे

पुढील परिस्थितीत स्वतः काही करू नका, जाणकार डेव्हलपरला किंवा होस्टिंगच्या तांत्रिक विभागाला बोलवा.

साइटवर पैसे भरले जात असतील आणि बिघाड पेमेंटच्या टप्प्यावर असेल. एका क्लिकवर दोनदा रक्कम जाणे किंवा रक्कम जाऊन नोंद न होणे, हे चालू साइटवर प्रयोग करून सोडवायचे काम नाही. फॉर्म तात्पुरता बंद ठेवणे परवडते.

एका सभासदाला दुसऱ्याची माहिती दिसत असेल, किंवा लॉगिन न करता स्क्रिप्टचा पत्ता थेट उघडल्यावर याद्या मिळत असतील. हा सुरक्षेचा दोष आहे. ती स्क्रिप्ट लगेच बंद करा आणि मग मदत घ्या. क्वेरीत वापरकर्त्याचा मजकूर थेट जोडलेला दिसला तरी हेच. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (वापरकर्त्याचा मजकूर क्वेरीपासून वेगळा पाठवण्याची पद्धत) वापरून ती पुन्हा लिहायला हवी, आणि एका जागी सापडली तर बाकीच्या फाइलमध्येही असणारच.

टेबलातलीच अक्षरे बिघडली असतील. ५०३ किंवा ५०४ (सर्व्हर उत्तर देऊ शकत नाही किंवा वेळेत देत नाही) फक्त गर्दीच्या वेळी येत असेल. एरर लॉग तुम्हाला पाहताच येत नसेल, किंवा त्यात तुम्ही न लिहिलेल्या फाइलची नावे असतील; अनोळखी पीएचपी फाइल साइटवर असणे म्हणजे कुणीतरी आत शिरले असण्याची शक्यता.

मदत मागताना “एजॅक्स (पान पुन्हा लोड न करता माहिती मागवणे) चालत नाही” एवढेच लिहून पाठवू नका. विनंतीचा पत्ता, स्टेटसचा आकडा, पेलोड, रिस्पॉन्सच्या पहिल्या काही ओळी, नेमकी वेळ आणि पीएचपीची आवृत्ती द्या. नेटवर्क टॅबमधून संपूर्ण नोंद फाइल म्हणून काढता येते, पण तिच्यात कुकी, टोकन आणि फॉर्ममध्ये भरलेली माहिती असू शकते. ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, ज्याला काम दिले आहे त्यालाच द्या, आणि काम झाल्यावर लॉगआउट करून पासवर्ड बदला.